रोगिंग म्हणजे रोग नव्हे

गव्हाचा बीजोत्पादन प्लॉट घेतला की तपासणीला आलेला अधिकारी हमखास सांगतो, "रोगिंग करून घ्या." ऐकणारा तांबेरा शोधू लागतो, नाहीतर फवारणीचा पंप बाहेर काढतो. हा आपला रोग नव्हेच. इंग्रजीत 'रोग' म्हणजे लुच्चा, भामटा. कळप सोडून एकट्या हिंडणाऱ्या दांडग्या हत्तीलाही इंग्रज तेच म्हणतात. लावलेल्या वाणाशी न जुळणारे ताट कितीही निरोगी असो, बीजोत्पादकाच्या लेखी ते भामटे. ते मुळासकट उपटून बांधाबाहेर टाकणे म्हणजे रोगिंग.

हात धजत नाही, हे मी जाणतो. साऱ्या रानात उठून दिसणारे, भरघोस ओंबीचे ताट उपटायला निघालात की कारभारीण म्हणणारच, "अहो, त्याने काय घोडं मारलंय?" पण हिशेब पाहा. प्रमाणित गव्हात हजारी दोन भेसळीची ताटे चालतात, तिसरे चालत नाही. पायाभूत बियाण्यात तर दहा हजारांत पाचच. त्यापुढे गेले की प्लॉट नापास, आणि वर्षाची मेहनत धान्याच्या भावाने बाजारात. चाळणीने खडा जातो, काडीकचरा जातो. परक्या वाणाचा गव्हासारखाच गहू जात नाही. तो रानातच ओळखावा लागतो. म्हणून ओंब्या निसवताना एकदा आणि पिकताना पुन्हा, सूर्य पाठीशी ठेवून ओळीओळीने फिरा.

'प्युरिटी' म्हणजे पावित्र्य, असे मुले पाठ करतात. पिशवीच्या चिठ्ठीवर मात्र त्याचा आकडा असतो. गव्हाच्या बियाण्यात वजनाने निदान 98 टक्के शुद्ध दाणा हवा. उगवणशक्ती निराळी, ती किमान 85 टक्के. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी, पायाभूतची पांढरी.

भेसळीला इंग्रजीत 'अडल्टरेशन' आणि व्यभिचाराला 'अडल्टरी'. दोन्ही एकाच लॅटिन धातूचे, अर्थ बिघडवणे. दुधात पाणी घालणाऱ्याला हा शब्द शोभतो खरा! 'कास्ट' हा शब्द मात्र इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून घेतला; 'कास्ता' म्हणजे वंश, वाण. वाणाचा शब्द माणसाला चिकटवला की काय होते, ते आपल्या गावकुसाने पुरेपूर पाहिले आहे. शुद्धता बियाण्यातच मोजावी.

राहिला 'डिसिप्लिन'. त्याचे मूळ शिष्य या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आधी शिकणे, छडी मागाहून आली. आपल्याकडेही शिक्षण आणि शिक्षा एकाच घरचे.

बीजोत्पादनातली ही शिस्त मळणीच्या दिवशी सर्वात जास्त मोडते. मळणीयंत्र शेजारच्या खळ्यावरून थेट तुमच्याकडे येते, पोटात त्याचा गहू घेऊन. ते रिकामे फिरवा, आतून झाडून घ्या. पहिला थोडा माल बियाण्यात न मिसळता दळणाला ठेवा. बारदानही नवेच वापरा. जुन्याच्या शिवणीत चार दाणे अडकलेले असतातच.