यंत्राला कुठल्या नळाचे पाणी?

पाडव्याला घरात एखादी मोठी वस्तू यावी, अशी आपल्याकडे रीत आहे. एके काळी तांब्याचा बंब येई, पुढे शिवणयंत्र आले, आता पुष्कळ घरी कपडे धुण्याचे यंत्र येते. त्याचा रंग, किंमत, हप्ते यांचा खल आठवडाभर चालतो. प्लंबर मात्र दारात येऊन "कुठल्या नळाला लावू?" असे विचारतो, तेव्हा घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी हेच झाले. पुण्याच्या आमच्या इमारतीत दोन पाणी आहेत. एक महापालिकेचे, दुसरे आवारातल्या बोअरचे. गच्चीवर दोहोंच्या टाक्या वेगळ्या. भाऊजी म्हणाले, "बोअरलाच लावा. एप्रिल-मेमध्ये लोकांना प्यायला पुरत नाही, आणि आपण त्यात कपडे धुवायचे?" वहिनी म्हणाल्या, "अहो, त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तिथे साबण काय करणार? ताई, तुम्हीच सांगा."

वहिनींची डाळ शास्त्राला धरून होती. खडकातून झिरपणारे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरोबर आणते. शाळेत ज्याला आपण दुष्फेन पाणी म्हणत असू, ते हेच. त्यात साबणाचा फेस न होता चिकट साका होतो. तो कापडात बसला की पांढरे कपडे करडे दिसतात, टॉवेल खरखरीत होतात. यंत्रातल्या हीटरवर क्षारांची पुटे चढतात, वीज जास्त लागते आणि एक दिवस हीटरच जळतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य मानते. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. म्हणजे पिण्याला चालले ते हीटरला मानवेलच, असे नाही.

पण भाऊजींचे म्हणणेही हलके नव्हते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर, असा सरकारी नियोजनाचा हिशेब आहे. पुढून उघडणारे यंत्र एका धुण्याला सुमारे ५० ते ६० लिटर घेते. वरून उघडणारे त्याहून पुष्कळ जास्त.

म्हणून मी म्हटले, आधी परीक्षा करू. दोन बाटल्यांत दोन्ही पाणी सारखे घेतले, अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवले. (धुण्याची पूड यासाठी नको; ती जड पाण्यातही फेस करते.) पालिकेच्या बाटलीत फेस टिकला, बोअरच्या बाटलीत साका तरंगला.

तेव्हा पालिकेच्या टाकीचा नळ ठरला. थेट रस्त्यावरून येणारा नळ नव्हे. कारण पाणी गेले की यंत्र अर्ध्यावर अडते. भाऊजींनी दोन अटी घातल्या. यंत्र पुरते भरल्याशिवाय चालवायचे नाही, आणि शेवटच्या खळबळीचे पाणी बादलीत धरून संडासाला वापरायचे. वहिनींनी दोन्ही मान्य केल्या.

टंचाईसाठी शेजारीच बोअरचा नळ ठेवला आहे. पायपुसणी, गोधड्या थंड पाण्यात धुवायच्या असतील तर यंत्राची नळी तिकडे हलवायची. पण भगिनींनो, हे दोन पाइप एकमेकांना कधीही जोडू देऊ नका. मधली तोटी गळकी निघाली की बोअरचे पाणी गुपचूप पिण्याच्या पाण्यात शिरते. ज्यांच्याकडे नुसते जड बोअरचेच पाणी आहे, त्यांनी पाणी मऊ करणारे उपकरण बसवावे. त्यात मात्र वेळोवेळी मीठ घालावे लागते.

आणखी थोडे. यंत्राला पाणी घेणारे तोंड एकच असेल तर ते थंड पाण्याचे. सौर बंबाचा नळ त्याला लावू नये. अंड्याचे, रक्ताचे डाग गरम पाण्याने पक्के होतात. अगदी वरच्या मजल्यावर टाकी डोक्याशीच असते, त्यामुळे पाण्याला जोर नसतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, हा हिशेब धरून यंत्राची पुस्तिका पाहावी आणि लागला तर छोटा पंप बसवावा. पाणी बंद राहून परत आले, की पहिली गढूळ बादली बाजूला काढावी, आणि नळीच्या तोंडाची जाळी अधूनमधून धुवावी.

खरी कसोटी एप्रिलमध्ये लागेल. तोवर वहिनींचे टॉवेल मऊ आहेत, आणि भाऊजींची बादली रोज भरते आहे.