वाद्य घेण्याआधी एवढं विचारा

मुलाला क्लासला घालायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी चिनी गिटार नाहीतर कीबोर्ड मागवला जातो. स्वस्त पडतो, दोन दिवसांत दारात येतो. गिटारच शिकायची असेल तर जरूर घ्या. पण आता गाणं शिकणाऱ्यांच्या घरीही तानपुऱ्याच्या जागी मोबाइलमधलं अ‍ॅप वाजतं, आणि त्याची झळ सतारी-तानपुरे घडवणाऱ्या मिरजेला बसते आहे.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे. ते काम सुटलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी आपला हात वाद्यांकडे वळवला. पुढे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते.

आयातीवर कर वाढवा, असं अनेक जण म्हणतात. स्वस्तातल्या तयार वाद्यांपुरतं ते मलाही पटतं. पण परदेशी सतार आपल्या बाजारात येतेच कुठे? येते ती तार. चांगल्या सतारीवर अनेकदा जर्मन पोलादी तार चढते. सरसकट कर लावला तर भुर्दंड कारागिरालाच बसेल. तेव्हा सगळा भार सरकारवर टाकून चालणार नाही, गिऱ्हाईक टिकलं पाहिजे.

कारागिराचं काम किती नाजूक असतं ते कळायला जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर खुलवताना, एकदा समोर बसून पाहा. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने जरासा घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचं. उतार केसभर चुकला तरी तार नुसती झणझणते, नाहीतर मुकी होते. तानपुरा असेल तर मग तारेखाली सुती दोरा घालून तो हळूहळू सरकवायचा; एका नेमक्या जागी सूर उघडतो. ही जाण यायला वर्षं जातात. त्यात पोट भरत नसेल तर कारागिराचा मुलगा दुसरीकडे नोकरी धरणारच, त्याला दोष कसा द्यायचा?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेर केलेलं वाद्य आता मिरजेचं म्हणून विकता येत नाही. पण विचारणारंच कुणी नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? म्हणून वाद्य कुणी केलं, कुठे केलं, हे दुकानदाराला विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. शाळा आणि संगीत विद्यालयं चालवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. नुसता कमी दर पाहून वाद्यं घेऊ नका.

नवं परवडत नसेल तर माळ्यावरचा जुना तानपुरा खाली काढा. भोपळ्याचा तडा सांधता येतो, खुंट्या बदलता येतात, जवारी नव्याने काढता येते. दुरुस्तीच्या कामावरही कारागिराचं घर चालतं.

आणि नवं करून घेणार असाल तर आगाऊ रक्कम द्या, सवडही द्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा पुरता सुकलेला हवा, लाकूड मुरलेलं हवं. घाईने करून घेतलेलं वाद्य लवकर तडकतं आणि नाव खराब होतं ते मिरजेचं.