ऐकणाऱ्याचा हक्क आणि गाणाऱ्याचे दाम

मोबाइलवर गाणी ऐकविणाऱ्या ॲपविषयीच्या तक्रारींवर या पानावर अग्रलेख यावा, याचे काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. महागाई आणि बेकारी दाराशी उभी असताना ही गाण्यांची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु गाणे ही चैनीची वस्तू आहे, असे आपल्या चळवळीने कधी मानले नाही. डफावर थाप पडल्याखेरीज सभेला रंग चढत नसे, असा काळ या महाराष्ट्राने पाहिला आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांनी जे लोकांपर्यंत नेले, ते शंभर पत्रकांना साधले नसते. म्हणूनच गाणे आज कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आपलाही आहे.

या ॲपमुळे झालेला लाभ नाकारण्याचे कारण नाही. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरी आमोणकर यांचे गाणे ऐकावयाचे तर एके काळी शहरातील मैफल गाठावी लागे, नाही तर ध्वनिमुद्रिका विकत घेण्याची ऐपत असावी लागे. आज खेड्यातील विद्यार्थ्यालाही ते ऐकता येते. तथापि त्याच विद्यार्थ्याला विचारा. तक्रारी घरोघरी सारख्याच निघतील. गाणी मांडलेल्या क्रमाने न वाजता पत्ते पिसावेत तशी पिसून वाजतात. आवडते म्हणून एक गाणे ऐकले, की महिनाभर त्याच धाटणीची गाणी कानावर आदळतात. गीत कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, तबल्यावर कोण होते, याचा पत्ता लागत नाही. आणि सेवा बंद पडली, की वर्षानुवर्षे जमविलेला संग्रहही तिच्यासोबत जातो. २०२४ या एका वर्षात रेसो आणि विंक या दोन सेवांनी भारतातील गाशा गुंडाळला. कॅसेट कंपनी बुडाली तरी कॅसेट निदान घरात राहत असे!

या तक्रारींकडे तांत्रिक त्रुटी म्हणून पाहण्याची पद्धत आहे. आमच्या मते ती दिशाभूल आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या विख्यात ब्रिटिश गायिकेने आपल्या अल्बममधील गाणी ठरविलेल्या क्रमानेच वाजावीत, असा आग्रह धरला. स्पॉटिफायने वर्गणीदारांसाठी अल्बमच्या पानावरील गाणी पिसण्याची सोय लागलीच मागे सारली. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार, वाद्यवृंद आणि संचालक यांच्या नावांनी शोध घेता येत नाही, ही जुनी ओरड होती. ॲपलने मार्च २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र ॲपच काढले. अडचण तंत्राची असती, तर हे घडले नसते. मग राग, ताल, बंदिश आणि साथीदार यांची नोंद ख्यालापुढे का होऊ नये? लावणीपुढे शाहिराचे नाव का असू नये? एका प्रख्यात गायिकेचा शब्द जिथे पोहोचतो, तिथे लाखो विखुरलेल्या श्रोत्यांचा पोहोचत नाही, एवढाच याचा अर्थ.

खरे मूळ पैशांच्या वाटणीत आहे. बहुतेक सेवा वर्गणीचा आणि जाहिरातींचा पैसा एका मोठ्या घड्यात ओततात आणि एकूण वाजलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटतात. सोलापूरचा एखादा श्रोता महिनाभर केवळ भारुडे ऐकत राहिला, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग त्याने कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांच्या मालकांकडे जातो. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजले की गाणे एकदा वाजले, अशी गणना होते. म्हणजे चाळीस मिनिटांच्या विलंबित ख्यालाचे मोल दोन मिनिटांच्या गाण्याइतकेच! २०२४ पासून तर ज्या ध्वनिमुद्रणाला मागील बारा महिन्यांत हजार श्रवणे लाभली नाहीत, त्याच्या वाट्याला या सेवेकडून ध्वनिमुद्रणाचे मानधनच येत नाही. शिवाय कमी मानधन पत्करणाऱ्यांची गाणी शिफारशीत पुढे सरकविण्याची योजना तिने २०२० मध्येच जाहीर केली. ‘तुमच्यासाठी निवडलेले’ या शब्दांमागे असा व्यवहारही असू शकतो, हे श्रोत्याने ओळखावे.

यावर सरकारने सारे ताब्यात घ्यावे, हा उपाय आम्ही सुचविणार नाही. १९५२ साली केसकर मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला; अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. लोकांची अभिरुची दिल्लीहून घडविता येत नाही. ती कंपनीच्या कार्यालयातूनही घडविली जाऊ नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. मात्र त्याच विविध भारतीवर गाण्यासोबत गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे आदराने सांगितली जात. रेडिओच्या निवेदकाला जे साधले, ते आजच्या यंत्रांना न साधण्याचे कारण नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. गीतकार, संगीतकार आणि साथीदार यांची नावे देणे बंधनकारक करावे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने कर्त्याला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिलेलाच आहे. ज्याची वर्गणी, त्याने ऐकलेल्या कलावंतालाच ती मिळावी. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी ही पद्धत सुरू करून ती शक्य असल्याचे दाखविले आहे. शिफारशीमागे आर्थिक सवलत असेल तर ती उघड लिहावी आणि शिफारशी बंद करण्याची मुभा श्रोत्याला असावी. सेवा बदलताना किंवा बंद पडताना गाण्यांची यादी सोबत नेण्याचा हक्क असावा. आकाशवाणीच्या संग्रहातील ठेवा लोकांच्या पैशातून साठला आहे. तो लोकांना विनासायास ऐकता यावा.

२०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क पक्का केला, तोही त्यांनी संघटितपणे आवाज उठविल्यावर. श्रोता मात्र अजून एकटाच कुरकुरत आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील शाहीर आणि भजनी मंडळांना हा व्यवहार समजावून सांगावा. त्यांची ध्वनिमुद्रणे या सेवांवर जाताना प्रत्येक कर्त्याचे नाव नोंदले जाईल हे पाहावे. ऐकणाऱ्याची कुरकुर आणि गाणाऱ्याची उपासमार ही एकाच व्यवस्थेची दोन फळे आहेत. ही दोन माणसे एकत्र आली, तरच त्यांचे ऐकले जाईल.