विसरणाऱ्याच्या गोळीचे दायित्व कोणाचे?

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले असावे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये ‘आयुष्मान भारत’चे पाच लाखांचे कवच, उत्पन्नाची अट न ठेवता, सत्तरीपुढील सर्वांना मिळाले. पाऊल निःसंशय स्वागतार्ह! परंतु हे कवच रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तर वर्षानुवर्षे घरातच असतो. त्याला हवी असते डोनेपेझिल वा मेमॅन्टिनची रोजची गोळी. ती रोग बरा करीत नाही, काहींची लक्षणे काही काळ सावरते. तेवढ्याने आई स्वतःच्या हाताने जेवू शकली, तर ते थोडे का?

या औषधांची स्वस्त जेनेरिक रूपे आहेत. अडते ते निदानापाशी. थायरॉईडच्या विकाराने वा बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही विस्मरण होते, आणि ते उपचारांनी सुधारू शकते. ही तपासणी आधी हवी. तज्ज्ञ मात्र शहरात! रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ज्या खिडकीवर मिळतात, तेथेच तज्ज्ञाच्या चिठ्ठीनुसार हीही का मिळू नये? कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण गोळी आठवणीने देणाऱ्या सुनेला दरमहा जिल्ह्याच्या गावी खेपा घालायला लावणे, हा त्या व्यवस्थेचा सन्मान नव्हे.