श्यामच्या आईचा चेहरा

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत आईचे रूप शोधू जाता हाती लागतात ते कष्ट, आजार आणि सावकाराचा तगादा. 1953 साली आचार्य अत्र्यांनी या भूमिकेसाठी ‘सिकंदर’मधील रुखसाना, देखण्या वनमालाबाई निवडल्या. अभिनय अविस्मरणीयच, चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही लाभले. परंतु लोकमानसात आईची सोज्ज्वळ मूर्ती बसली, कर्ज मात्र विसरले गेले! 2023 च्या कृष्णधवल चित्रपटात गौरी देशपांडे यांनी तिला नवा चेहरा दिला. चेहरा कोणताही असो. जळगाव-धुळ्याच्या कपाशीत निंदणी करणाऱ्या कर्जबाजारी मातेला त्यात स्वतःची ओळख पटते काय? शाळाशाळांतून हे चित्रपट दाखविणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुस्तकातील सावकाराची प्रकरणेही मुलांना वाचून दाखवावीत.