परतीची वाट शिकवायची कोणी?

कोकणात सकाळी मासेवाली अंगणात टोपली उतरवते, तेव्हा आसपास एकही मांजर दिसत नाही. भावावरून घासाघीस होते, मासेवाली रुसून टोपली उचलल्यासारखं करते, पुन्हा खाली ठेवते. मग घरातली आजी परसदारी विळी मांडून बसते. पहिल्या बांगड्याचे कल्ले निघतात न निघतात तोच गोठ्याच्या कौलांवरून एक, लाकडांच्या ढिगामागून एक, माडाच्या आळ्यातून एक, अशी मांजरं हजर. हाक कोणीच मारलेली नसते. सगळ्यात मागे, आईच्या शेपटीला धरून, तीन महिन्यांचं एक पिल्लू येतं. विळीपासून चार हात लांबच बसतं, पण बसतं. पंधरा दिवसांनी आई नसली तरी ते एकटं येईल.

असल्याच एखाद्या पिल्लाला कोणी खोक्यात घालून ठाण्याला किंवा पुण्याला नेलं, की त्याची शाळा अर्ध्यावर सुटते. शहरातली पुष्कळ पिल्लं तर त्याआधीच उचललेली असतात. पार्किंगमधल्या स्कूटरखालून, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून, पावसात ओरडत होतं म्हणून. वय जेमतेम पाच-सहा आठवडे. मग ती तिसऱ्या मजल्यावर वाढतात, गुबगुबीत होतात, त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. आणि एके दिवशी पार्सलवाल्यासाठी उघडलेल्या दारातून ती जिन्यात जातात. जिना खाली उतरतो तसा वरही चढतो, हे त्यांना तोवर कोणी दाखवलेलंच नसतं.

‘मांजराला काय शिकवायचं, ते आपोआप शिकतं’ अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. ती वाड्यांच्या काळात खोटी नव्हती. फक्त त्यात ‘आपोआप’ हा शब्द चुकीचा होता. शिकवणारी आई तिथे होती, म्हणून माणसाला काही करावं लागत नव्हतं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं म्हणतात. धोका वाटला की ती पिल्लांची जागा बदलते, एवढंच त्यामागचं कारण. पिल्लं महिन्याची झाली की ती आधी मेलेलं आणि मग अर्धमेलं भक्ष्य त्यांच्यापुढे आणून टाकते. कुठल्या भिंतीवरून उडी मारायची, कुत्र्याला बघून कुठे चढायचं, हे ती समोर करून दाखवते आणि पिल्लं बघतात.

बघून शिकणं ही मांजरांच्या बाबतीत नुसती कविकल्पना नाही. फिलिस चेस्लर या पुढे स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या अमेरिकन संशोधिकेने १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कळ दाबली की खाऊ मिळतो, ही युक्ती पिल्लांना शिकायची होती. आईला कळ दाबताना पाहणारी पिल्लं ती सर्वांत लवकर शिकली. अनोळखी मांजरीला पाहणारी उशिरा शिकली. ज्यांच्यापुढे कोणीच दाखवायला नव्हतं, त्यांना ती जमलीच नाही. पिल्लू आईपासून तोडून घरी आणणाऱ्याने आईची नोकरी पत्करलेली असते, हे त्याला कोणी सांगत नाही.

यावर गावाकडून हमखास एक गोष्ट पुढे येते. दुधाच्या पातेल्यात तोंड घालणाऱ्या बोक्याला पोत्यात भरलं, नदीपलीकडे नेऊन सोडलं, आणि नेणारा घरी पोचायच्या आत बोका ओट्यावर बसलेला. तपशिलात मीठमसाला असेल, पण गाभा खरा आहे. १९२२ मध्ये फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने मांजराला घरापासून काही मैलांवर नेऊन सोडलं आणि ते परत कसं येतं, हे तपासलं होतं. १९५४ मध्ये जर्मनीत मांजरांना झाकून नेऊन एका चक्रव्यूहात ठेवलं, तेव्हा घर फार लांब नसेल तर बरीच मांजरं घराच्या दिशेचं दार निवडत. मात्र ही सगळी आपला मुलूख पायाखाली घातलेली मोठी मांजरं. ज्याने घराबाहेरचं जग टोपलीच्या फटीतूनच पाहिलं, त्या चार महिन्यांच्या पिल्लाला पोत्यातल्या बोक्याची विद्या जन्मजात असते, असं समजून दार उघडं टाकणं म्हणजे पोहायला येतंच म्हणून पोराला विहिरीत ढकलण्यासारखं आहे. (तेही गावाकडे करत असत. त्यातले वाचलेलेच पुढे ती गोष्ट सांगतात.)

मग करायचं काय? पहिलं काम पशुवैद्याकडचं, आणि तिथे घाई नको. मांजरांच्या मुख्य आजारांवरच्या लशीचा पहिला डोस साधारण आठव्या आठवड्यात, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. बाहेर फिरणाऱ्या मांजराला रेबीजची लस नसणं हा त्या घरापुरता प्रश्न राहत नाही. रेबीज फक्त कुत्र्याला होतो, ही समजूत आजही अनेक सुशिक्षित घरांत टिकून आहे.

दुसरं काम नसबंदीचं. इथे लोक अडखळतात. ‘एकदा तरी पिल्लं होऊ देत’ असं म्हणणाऱ्या घरात पुढे त्या पिल्लांसाठी घरं शोधत फोन फिरवले जातात. मांजरी चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत विते. बोक्याचं तर वयात आल्यावर घराकडे लक्षच नसतं. तो मांजरीच्या हाकेमागे रस्ते ओलांडतो, मारामाऱ्या करतो, कान फाडून घेतो. त्याच्याकडून परतीची वाट कितीही घोटून घेतली, तरी त्या दिवसांत ती त्याच्या डोक्यात नसते. म्हणून आधी शस्त्रक्रिया, जखम भरणं, मग उंबरठा.

या मधल्या काळात घरात बसून जो धडा घ्यायचा, तोच खरा महत्त्वाचा. त्याला लागतो एक डबा. स्टीलचा, झाकणाचा, आत मूठभर कोरडा खाऊ. दर जेवणाआधी तो तीनदा खुळखुळवायचा, पिल्लाचं नाव घ्यायचं आणि लगेच वाढायचं. खुळखुळवून नुसतं बोलावलं आणि औषध पाजलं किंवा आंघोळीला नेलं, की तो आवाज फुकट गेला. टोकियोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मांजरं मालकाचा आवाज परक्याच्या आवाजातून ओळखतात. फक्त उठून येत नाहीत, कान तेवढे हलवतात. २०१९ मध्ये जपानमधल्याच दुसऱ्या अभ्यासात मांजरांना आपलं नावही इतर शब्दांतून वेगळं कळतं, असं दिसलं. म्हणजे ऐकू येण्याचा प्रश्न नाही, यावंसं वाटण्याचा आहे. आजीच्या विळीने तो सोडवला होता. फ्लॅटमध्ये विळी गेली, म्हणून डबा.

नव्या घरी आणलेलं मांजर निदान तीन आठवडे आतच ठेवावं, असं इंग्लंडमधल्या मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगतात. तेवढ्यात ते गाल घासून दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, बुटांना आपला वास लावतं. हा वास म्हणजे त्याचा घराचा पत्ता. आपल्याकडे तो पत्ता रोज सकाळी फिनाइलच्या बोळ्याने पुसला जातो. फिनॉल असलेली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पाय चाटून ती पोटात जातात. त्यामुळे मांजराच्या घरात फिनाइल तसंही नको. निदान उंबरठा आणि बाहेरची पहिली पायरी साध्या पाण्याने पुसली तरी चालते.

पहिली फेरी कोरड्या दिवशी, उजेडात आणि उपाशीपोटी. यातला तिसरा शब्द लोकांना निर्दय वाटतो, पण पोट भरलेल्या पिल्लाला डब्याशी काही देणंघेणं नसतं. पिल्लाच्या संध्याकाळच्या जेवणाआधीच्या तासाभरात, अंधार पडायच्या आत, दार उघडून पायरीवर बसायचं. उचलून बाहेर ठेवायचं नाही, त्याचं त्याला बाहेर पडू द्यायचं. पहिल्या दिवशी ते बहुधा उंबरठ्यावर पोट टेकून बसतं, मान लांब करून हवा हुंगतं, वरच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली की आत पळतं. एवढंच. दहा मिनिटांनी डबा, जेवण, दार बंद. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या. आठवडाभराने तुळशीवृंदावनापर्यंत किंवा कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. ज्यांना धीर नाही त्यांनी छातीला बांधायचा पट्टा वापरावा. गळ्यात दोरी, रिबीन, घुंगरू मात्र बांधू नये. फांदीत अडकली की फास बसतो. गळपट्टा घालायचाच तर ताण आल्यावर आपोआप सुटणारा, फोन नंबर लिहिलेला.

घंटेबद्दल थोडं. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न. पक्ष्यांसाठी ती बांधणाऱ्यांना इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासाने निराश केलं. २१९ घरांतल्या ३५५ मांजरांत घंटेने शिकारीत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पिसाने खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. दूध-पोळीवर वाढवून मांजराने चिमण्यांना हात लावू नये, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पक्ष्यांचा मुद्दा निघाला की मांजरांना बाहेर सोडावंच का, हा मोठा वाद उभा राहतो. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ गावात २०२२ मध्ये जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलासाठी ठरावीक भागातल्या मांजरांना उन्हाळाभर घरात डांबायचा हुकूम निघाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात १ जुलै २०२२ पासून पुढे जन्मलेल्या मांजरांना मोकळं फिरायला मनाई आहे. इंग्लंडने उलट, फिरू दिलं पण ओळख मागितली. १० जून २०२४ पासून तिथे वीस आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे.

महाराष्ट्रात यातलं एकच उत्तर सगळीकडे लागू होणार नाही. घोडबंदर रस्त्यालगतच्या चौदाव्या मजल्यावरचं मांजर बाहेर सोडू नये, यात वाद नको. तिथे बाल्कनीला जाळी हवी, आणि तीही कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची नव्हे, तारेची. मांजर नायलॉन कुरतडतं. ‘पडलं तरी मांजर चार पायांवर पडतं’ याचा दाखला देणारे १९८७ चा न्यूयॉर्कमधला अभ्यास सांगतात. उंचावरून पडून दवाखान्यात आणलेल्या १३२ मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांतली सुमारे ९० टक्के जगली होती. पण जी दवाखान्यात आणण्याच्या स्थितीत नव्हती, ती त्या मोजणीत नाहीतच.

तळमजल्याच्या चाळीत, बंगल्यात, वाडीत मात्र ‘आतच ठेवा’ हा सल्ला दोन दिवसांत कौलांच्या फटीतून निघून जातो. तिथे शिकवण्याला पर्याय नाही. आणि चौदाव्या मजल्यावरच्यालाही डब्याची सवय लावावी, असंच इथे सुचवायचं आहे. ज्याला कधी सोडायचं नाही, त्याचंही दार एक दिवस उघडं राहतंच. गॅसवाला येतो, सुतार येतो, पाहुण्यांचं लहान पोर कडी काढतं.

असं झालं की घरात एकच धावपळ उडते. दोघं स्कूटरवरून चौकात जातात, तिसरा ग्रुपवर फोटो टाकतो, चौथी शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला गाठते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती तपासली होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती, पुष्कळशी तर अगदी शेजारीपाजारी. घाबरलेलं मांजर पळत नाही, दडतं आणि गप्प बसतं. मीटरच्या खोलीत, जिन्याखालच्या कुंड्यांमागे, गाडीच्या बॉनेटखाली. म्हणून पार्किंगमधल्या सगळ्यांना आधी सांगायचं की इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा. मग रहदारी थांबल्यावर, रात्री अकरा-बाराला, एकानेच टॉर्च आणि डबा घेऊन खाली उतरायचं. टॉर्च जमिनीलगत फिरवला की डोळे चमकतात.

अशा वेळी मजल्यामजल्यावरून लोक डोकावतात. एक गृहस्थ लुंगी सावरत विचारतात, कोण हरवलं? खालची व्यक्ती उत्तर देत नाही. डबा तीनदा खुळखुळवते, थांबते, पुन्हा तीनदा. पंपाच्या खोलीमागे काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो. मग काहीच नाही. पाच मिनिटांनी अंगाला जळमटं लागलेलं एक पिल्लू येऊन दोन हात अंतरावर बसतं, पाठ फिरवून, आणि पंजा चाटायला लागतं.