सुईकडून सुरीकडे : संरक्षणाचे उलटे गणित

बोटॉक्स किंवा फिलरची सुई घेणे ब्रिटनमधील नोकरदार वर्गात आता नवलाचे राहिलेले नाही, आणि येथील मराठी समाजही त्याला अपवाद नाही. प्रश्न उभा राहतो तो पुढच्या टप्प्यावर, म्हणजे सुईने भागेनासे झाल्यावर फेसलिफ्टचा विचार मनात येतो तेव्हा. शस्त्रक्रिया म्हणजे त्याच वाटेवरचे आणखी एक पाऊल, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

या स्थित्यंतरामागे शरीरशास्त्र आहे, तसाच हिशेबही आहे. बोटॉक्सचा परिणाम साधारण 3 ते 4 महिने टिकतो, फिलरचा 6 ते 18 महिने. त्यामुळे खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. शिवाय बोटॉक्स स्नायू शिथिल करते आणि फिलर पोकळी भरून काढते. ओघळलेली त्वचा व तिच्याखालचे आवरण वर उचलणे दोहोंनाही साधत नाही. वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांमुळे चेहऱ्यावरची चरबी झपाट्याने उतरली की ही मर्यादा अधिकच उघडी पडते. फिलर वाढवत नेले तर चेहरा तरुण न दिसता फुगीर दिसू लागतो.

कायद्याचे चित्र मात्र अपेक्षेच्या उलट आहे. सर ब्रूस कियो यांच्या 2013 च्या अहवालाने बजावले होते की, शस्त्रक्रियाविरहित उपचार घेणाऱ्याला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याइतकेच संरक्षण आहे. इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी असे उपचार देण्यास 2021 मध्ये बंदी आली. परवाना पद्धत लागू करण्याचा अधिकार सरकारला 2022 च्या कायद्याने मिळाला. तरीही ऑगस्ट 2025 मध्ये सरकार या पद्धतीचा आराखडाच जाहीर करत होते. याउलट शस्त्रक्रियेसाठी नोंदणीकृत डॉक्टर आणि केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदलेले रुग्णालय आवश्यक असते. ‘सौम्य’ म्हणून निवडलेल्या वाटेवरच पहारा कमी, असा हा प्रकार आहे.

म्हणून शस्त्रक्रिया निर्धोक ठरत नाही. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर औषधाने विरघळवता येते. फेसलिफ्ट मागे घेता येत नाही. त्वचेखाली रक्त साकळणे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होणे, व्रण राहणे हे त्यातील ज्ञात धोके आहेत. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची आणि डाग पडण्याची शक्यता अधिक असते.

कायद्याचे हे संरक्षण देशाच्या सीमेपाशी संपते, हे सुट्टीत मुंबई-पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया उरकू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तेथील कौशल्याविषयी शंका नाही. पुण्यात झालेल्या नाकाच्या पुनर्रचनेचे वृत्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने 1794 मध्ये छापले आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी त्याच पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली, हा इतिहास आहे. अडचण वेळेची आहे. फेसलिफ्टनंतर सावरायला 2 ते 4 आठवडे आणि संपूर्ण परिणाम दिसायला 6 ते 9 महिने लागतात. परतल्यावर गुंतागुंत उद्भवली, तर शस्त्रक्रिया करणारा हात दुसऱ्या देशात असतो. एनएचएस तातडीचे उपचार करील. बिघडलेले रूप सुधारण्याची जबाबदारी सहसा घेणार नाही.

तेव्हा किंमत विचारण्यापूर्वी काही गोष्टींची खातरजमा करून घ्यावी. ब्रिटनमध्ये डॉक्टरचे नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या विशेषज्ञ नोंदवहीत प्लास्टिक सर्जरीखाली आहे का, हे पाहावे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही बिरुदावली पुरेशी नाही. पहिली भेट आणि शस्त्रक्रिया यांत किमान 2 आठवडे जाऊ द्यावेत. पूर्वी घेतलेले फिलर व यंत्रोपचार लपवू नयेत. त्यांच्या खुणा त्वचेखाली उरतात आणि शस्त्रक्रिया अवघड करतात. आणि सहाव्या महिन्यात आपल्याला तपासणार कोण, हे लेखी घ्यावे. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देणारा सवलतीचा दर अखेरीस महागच पडण्याचा संभव आहे.